हात न टेकता

कोणी "कसं काय?" विचारलं की मी "बरं आहे" म्हणतो आणि मनात म्हणतो, दमलोय. कशाने ते विचारू नये. शिफ्टने, वयाने, रस्त्याने, सगळ्यानेच. निम्म्याहून जास्त आयुष्य रोह्याच्या एका केमिकल कंपनीत प्लँट ऑपरेटर म्हणून गेलं. नाईट करून खांब नाक्याजवळच्या आमच्या गावी परत यायचं, चहा घ्यायचा आणि पंख्याखाली अंग टाकायचं. उठताना आधी कोपर, मग गुडघा, मग खाटेचा कठडा धरून माणूस टप्प्याटप्प्याने उभा करायचा. बायको स्वयंपाकघरातून माझं कण्हणं ऐकायची आणि त्यावरून किती वाजले ते ओळखायची, असं तीच सांगते.

पुढच्या खोलीत कबड्डीच्या संघाचा एक फोटो आहे. आमच्या भागात घरटी एक तरी असा फोटो असतोच. त्यात डावीकडून पहिला उभा आहे तो मी. कोपऱ्यात खेळायचो. चढाई करणाऱ्याचा घोटा एकदा हातात आला की सुटायचा नाही. फोटोतल्या माझ्या मांड्या अशा आहेत की पाहुणे अजून विचारतात, हा कोण? मी म्हणतो, मीच. मग ते एकदा फोटोकडे बघतात, एकदा माझ्या पोटाकडे, आणि चहाचं कौतुक करतात.

त्या पोटाशी माझं जुनं भांडण होतं. लग्नाकार्यात, कंपनीच्या गेटवर, अगदी दुकानात साखर घ्यायला गेलो तरी मी पोट आत ओढून उभा राहायचो. इतकी सवय झाली होती की आपण ते करतो आहोत हेही कळायचं नाही. दिवसभर पोट आत ओढून धरणं हे एक कामच आहे आणि त्याचा ओव्हरटाइम कोणी देत नाही.

दिवाळीनंतर रोह्यात एक नवी जिम निघाली आणि कंपनीतल्या पोरांच्या नादाने मीही नाव घातलं. तिथे भिंती नव्हत्याच, सगळीकडे आरसे. गाणी इतक्या मोठ्याने की स्वतःचा श्वास ऐकू येऊ नये. पोरं वजन उचलायची आणि खाली ठेवायच्या आधी आरशात बघून घ्यायची. मीही बघायचो, पण मला आरशात तो फोटोतला गडी शोधायचा असायचा. पौषात एका संध्याकाळी मी त्यांच्याएवढं वजन लावलं, पोट आत ओढलं, श्वास कोंडला आणि आरशाकडे बघत उचललं. कमरेत काहीतरी सुटल्यासारखं झालं. आवाज वगैरे काही आला नाही. मी तिथेच गुडघ्यावर बसलो, आणि मला उठवून रिक्षात घालायला त्याच पोरांना यावं लागलं.

माझी सासुरवाडी पेणची. मेव्हण्याने तिथल्या हाडांच्या डॉक्टरांची वेळ घेतली. मणक्यातली चकती सरकली आहे, ऑपरेशन नको, पण वजन उचलायचं नाही आणि पट्टा लावायचा, असं ठरलं. मग मी जमिनीवर सतरंजी टाकून पडून राहिलो. पायजम्याची नाडी बांधायला बायको, मोजे घालायला बायको. एकदा तिने माझी नखं कापली तेव्हा मी छताकडे बघत राहिलो. लाज वाटत होती, पण लाज वाटून घ्यायलाही जोर लागतो आणि तो नव्हता.

त्या दिवसांत मला एकच चिंता होती आणि ती गणपतीची. आमच्या घरचा गणपती पेणजवळच्या हमरापूरहून येतो. वडिलांबरोबर कबड्डी खेळणारा एक गडी तिथला होता, त्याचा मूर्तींचा कारखाना. आता तो त्याचा मुलगा बघतो. शिमगा आटोपला की आम्ही घरचा लाकडी पाट तिथे नेऊन द्यायचा आणि मूर्ती त्याच पाटावर घडायची. पाट जेवढा, तेवढा गणपती. आमचा पाट सागाचा, रुंद, आजोबांनी करवून घेतलेला. वर मूर्ती शाडूची, वडिलांना दुसरी चालत नसे, म्हणजे वजनाला तर विचारूच नका.

टेम्पो गावात देवळापर्यंत येतो. तिथून घरापर्यंत पाखाडी आहे, दगडी पायऱ्यांची चढाची वाट. आमच्याकडे गणपती छातीशी धरून वर नेतात, आणि वडिलांनी घालून दिलेली रीत अशी की एकदा हातात घेतला की मखरात बसवेपर्यंत खाली टेकवायचा नाही आणि दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही. विसर्जनाला खाली नदीवर नेतानाही तेच. वडील गेल्यापासून ते काम माझं. आता माझ्यानंतर नंबर चुलतभावाचा. तो चांगला माणूस आहे, माझ्या आजारपणात दोनदा भेटून गेला, आणि दुसऱ्या वेळी जाताना म्हणाला, "गणपतीची काळजी करू नको, मी हाय ना." त्याच्या मनात वाकडं काही नव्हतं. पण मला वाटलं, संपलं. कंपनीने मला टाकीच्या शिडीवरून काढून कंट्रोल रूममधल्या खुर्चीत बसवायचं ठरवलंच होतं. आता घरानेही बसवलं की मी पुरता बसलो.

शिमग्यानंतर बायको माहेरी जाऊन येते म्हणाली आणि पाट कापडात गुंडाळून घेऊन गेली. मी पडल्या पडल्या बघितलं. संध्याकाळी परत आली तेव्हा विचारलं, दिला का? ती म्हणाली, दिला.

चैत्रात डॉक्टरांनी व्यायामासाठी पेणलाच एका फिजिओथेरपिस्ट मुलीकडे पाठवलं. औषधाच्या दुकानावरची एक खोली, एक खाट, दोन-तीन खुर्च्या. आरसा नव्हता हे मी आधी बघितलं. खांबहून पेणला जायचं म्हणजे नागोठणं, वडखळ करत त्या हायवेवरून जायचं. तो हायवे कित्येक वर्षं रखडलेला. एसटीची पहिली पायरी गुडघ्याच्या वर येते. कंडक्टर माझ्या दंडाला धरून वर घ्यायचा आणि मी खिडकीबाहेर बघत बसायचो.

त्या मुलीने माझं वजन केलं नाही. म्हणाली, काका, काय काय जमत नाही ते सांगा. मला काका म्हटलेलंही आवडलं नव्हतं, पण सांगत गेलो. कंपनीच्या बुटांची लेस बांधता येत नाही. एसटीत चढता येत नाही. जेवण झाल्यावर जमिनीवरून उठता येत नाही. गणपती उचलता येणार नाही. शेवटचं सांगताना आवाज जरा बारीक झाला. तिने सगळं ऐकून घेतलं, मला खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, हात कशालाही न टेकता उठून दाखवा.

मी पोट आत ओढलं, श्वास कोंडला आणि उठायला गेलो. अर्ध्यातून परत बसलो.

"काका, पोट सोडा," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. म्हणाली, तुम्ही आत आलात तेव्हापासून ते ओढून धरलंय. इथे कोणी बघत नाही. सोडा, टाचा मागे घ्या, छाती पुढे, आणि श्वास सोडत उठा.

किती वर्षांनी मी माणसांदेखत पोट सोडलं कोण जाणे. ते आपलं पट्ट्यावरून बाहेर येऊन बसलं. मुलीने बघितलंही नाही. दुसऱ्यांदा उठताना मांड्या थरथरल्या, पण उभा राहिलो. जिंकल्याबिंकल्यासारखं काही वाटलं नाही. वाटलं, एवढंसं करायला एवढा जीव मेटाकुटीला यावा?

पुढचे महिने तेच. खुर्चीतून उठा, बसा. मग खुर्चीच्या जागी ठेंगणं स्टूल. पायरीवर एक पाय ठेवून वर चढा, उतरा. पाण्याने अर्ध्या भरलेल्या दोन बादल्या घेऊन अंगणात चाला. कंटाळवाणा प्रकार. गाणी नाहीत, घामाचे फोटो नाहीत. कामावर परत रुजू झालो होतो, कंट्रोल रूममध्येच; नाईटवरून आलो की डोळे मिटायला लागायचे आणि समोर ती खुर्ची. कित्येकदा मी तिला शिव्या दिल्या आहेत. शेजारची म्हातारी कुंपणावरून बघायची आणि बायकोला विचारायची, "गो, पाणी भरून परत आणतो कशाला हा?" बायको म्हणायची, डॉक्टरांनी सांगितलंय.

पाऊस लागला तेव्हा मुलीने वजन घ्यायला परवानगी दिली, हळूहळू वाढवत. मी घरातलं तांदळाचं पोतं घेतलं. त्यात थोडे थोडे तांदूळ वाढवत गेलो, आमचा गणपती डोळ्यांसमोर ठेवून. पोतं छातीशी धरायचं, पोटावर टेकवायचं, आणि पडवीच्या पायऱ्या चढायच्या. पोटावर टेकवलं की कमरेला त्रास कमी होतो हे मला तेव्हा कळलं. वर्षानुवर्षं लपवलेली वस्तू कामाची निघाली. गणपतीच्या पोटावरून मला कोणी कोणी काय काय टोमणे मारलेत ते मी इथे सांगणार नाही, सगळे एकाच साच्यातले आहेत आणि मी त्यांनाही कंटाळलो आहे.

फरक पडला, पण दिसण्यासारखा नाही. शर्टाचं माप तेच राहिलं. फोटोतला गडी काही परत आला नाही. पण एक दिवस एसटी आली, मी चढलो, आणि तिकीट काढताना लक्षात आलं की कंडक्टरने हात दिला नव्हता. बुटाची लेस बांधून झाल्यावर मी तसाच वाकून थोडा वेळ बसलो. बायको दारातून बघत होती.  त्या पावसाळ्यात ती पुष्कळदा काही बोलायच्या बेतात यायची आणि आत जायची. मला वाटायचं, माझ्या काळजीने.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं टेम्पो घेऊन हमरापूरला गेलो. कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. रंगाचा वास, दोऱ्या, पेंढा, घाईत असलेली माणसं. कारखानदाराने मला बघून हात जोडले, तब्येत विचारली आणि आतून आमचा गणपती आणून समोरच्या फळीवर ठेवला. त्याने एका हातावर आणला होता.

मी म्हटलं, हा आमचा नव्हे. तो म्हणाला, तुमचाच की. पाट बघा.

पाट मी ओळखला. आमच्या लग्नात बायकोच्या माहेरून आलेला, जेवताना ती बसायची तो; इतके महिने तो घरात नव्हता हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. त्यावर वीतभराहून थोडी मोठी मूर्ती. सुंदर होती. डोळे इतके शांत की मला राग आला. मी बायकोकडे बघितलं. ती मूर्तीवरच्या कापडाची घडी नीट करत होती.

टेम्पोत मी पुढे बसलो, मूर्ती मांडीवर. वडखळ मागे पडलं. मग विचारलं, मोठा पाट कुठे आहे? म्हणाली, भावाच्या माळ्यावर; एकाच कापडात दोन्ही नेले होते. का केलंस, असं मी विचारलं तेव्हा माझा आवाज चढला आणि ड्रायव्हरने गाणं लावलं.

ती गाण्याखालून बोलत राहिली. म्हणाली, तेव्हा तुमची नाडी मी बांधत होते. मोठा पाट दिला असता तर गणपती दुसऱ्याच्या हातातून घरात आला असता, आणि तुम्ही दारात उभं राहून बघितलं असतं. ते मला बघवलं नसतं. म्हणून तुम्हाला झेपेल असा आणायचा ठरवला.

मी म्हटलं, मग नंतर सांगायचं. मी पावसाळाभर पोतं उचलतोय, तू बघत होतीस.

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी पोतं खाली ठेवलं असतंत," ती म्हणाली. "मला तुम्ही उठायला हवे होतात. गणपती काय, तो कसाबी येतो."

 राग मात्र गेला नाही. खरं सांगायचं तर तोंडात मारल्यासारखं झालं होतं. एवढी मेहनत करून शेवटी हातात काय, तर एका हाताने उचलावी अशी मूर्ती. पाखाडी चढताना हात नुसते रिकामे वाटत होते. चुलतभाऊ मागून म्हणाला, या वर्षी बरं केलंत, हलका आणलात. मी हो म्हटलं. मूर्ती मखरात ठेवली, दुसऱ्या दिवशी पूजा-आरती झाली, आणि मी मोदक खाऊन लवकर झोपलो. गौरी आल्या, गौरी जेवल्या, घर माणसांनी भरलं. मी सगळ्यांशी नीट बोललो, एकीशी सोडून. ती मला वाढायची, मी जेवायचो.

विसर्जनाच्या दिवशी दुपारपासून पाऊस लागून होता. नदीकडे उतरणारी पाखाडी शेवाळाने हिरवी झालेली. मूर्ती छातीशी धरून मी उतरत होतो, पुढे टाळ वाजत होते, मागे बायको आरतीचं ताट घेऊन. मनात अजून तेच चाललं होतं की हे काय ओझं आहे, हे तर कोणीही नेईल. आणि पाय सरकला.

मी पडलो नाही, बसलो. पायरीच्या कडेवर धाडकन बसलो आणि कमरेतून अशी कळ गेली की डोळ्यांसमोर अंधारी आली. मूर्ती मांडीत होती. सोंड, हात, कान, सगळं जागच्या जागी. तो मोठा गणपती असता तर माझ्यासकट पाखाडीच्या तळाशी गेला असता, हे तिथे बसल्या बसल्या मला समजलं. टाळ थांबले. सगळं गाव वळून बघत होतं. चुलतभाऊ दोन पायऱ्या वर आला आणि त्याने हात पुढे केले.

द्यायलाच हवा होता. हात मूर्तीला गुंतलेले, पायरी ठेंगणी, पायाखाली शेवाळ. टेकायला काही नाही. मी दमलो होतो, आणि खरं तर देऊन टाकायचं माझ्या मनातही आलं होतं.

"कोणी हात लावू नका," मागून बायको म्हणाली. "उठतील ते."

मोठ्याने नाही बोलली. भाजीवालीला नको म्हणताना बोलते तितक्याच आवाजात. चुलतभावाने हात मागे घेतले.

मी उठायला गेलो आणि परत बसलो. कोणीतरी हळहळलं. तेव्हा लक्षात आलं की एवढ्या माणसांसमोर मी पोट आत ओढून धरलंय. सोडलं. भिजलेल्या शर्टातून ते सगळ्यांना दिसलं असणार. मूर्ती त्याच्यावर टेकवली. टाचा मागे घेतल्या, छाती पुढे केली, आणि श्वास सोडत सोडत त्या औषधाच्या दुकानावरच्या खोलीतल्यासारखा उठलो. मांड्या थरथरत होत्या. उभा राहिलो. चुलतभावानेच आधी "मंगलमूर्ती" म्हटलं आणि बाकीच्यांनी "मोरया."

पाण्यात कमरेपर्यंत गेलो, मूर्ती सोडली. पाट वर आला. त्यावर नदीतली मूठभर वाळू घेतली आणि वर चढलो. बायको काठावर ताट धरून उभी होती. मला तिला खूप काही सांगायचं होतं. त्याऐवजी मी म्हटलं, कंबर दुखतेय.

"दुखणारच," ती म्हणाली. "घरी गेल्यावर शेकते."

पाखाडीवर आम्ही मागे राहिलो. एका पायरीवर ती थांबली, दम खायला. तिच्याही गुडघ्यांनी आता कुरकुर सुरू केली आहे, ते मी इतके दिवस ऐकलं नव्हतं. मी हात पुढे केला, तिने तो धरला, आणि मी तिला वर घेतलं. मग तिने माझ्या हातातल्या पाटाकडे बघून विचारलं, पुढच्या शिमग्याला कुठला द्यायचा? माळ्यावरचा काढू?

"नाय," मी म्हटलं. "हाच दे."

"आणि तांदळाचं पोतं? रिकामं करू? तांदळाला किडे लागतील."

"तांदूळ बदल," मी म्हटलं. "पोतं तिथेच राहू दे. आणि उद्यापासून खुर्ची तुझी."